डार्नेलला मीच पाठवलं

माझ्या नावाने बोटं मोडायची असतील तर या, रांगेत उभे राहा. रांग मोठी आहे आणि सगळ्यात पुढे माझे वडील आहेत.

मी रेजिना पावलाक. बफेलोच्या मिलर्स संघाची जनरल मॅनेजर होते. मैदानाकडेला उभा राहून ओरडतो तो प्रशिक्षक. पण कोणाला आणायचं, कोणाला ठेवायचं, कोणाला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काय घ्यायचं, हे सगळं माझ्याकडे. जिंकलो की पोरं भारी, प्रशिक्षक भारी, मालक दिलदार. हरलो की पावलाकबाई ढ. हे मला मान्य होतं, म्हणून तर खुर्चीवर बसले. बाईमाणसाला बास्केटबॉलमधलं काय कळतं, असं विचारणारेही कमी नव्हते. विचारू देत बापडे. मला कामं होती.

फेब्रुवारीत अदलाबदलीचा शेवटचा दिवस असतो. दुपारी तीनला दार बंद, मग तुमचा संघ तुम्हाला लखलाभ. त्या दिवशी दार बंद होता होता मी डार्नेल पेटवेला पोर्टलंडला पाठवलं. बदल्यात घेतला मामादू नावाचा सेनेगलचा एक उंचच उंच, हडकुळा पोरगा, आणि पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पोर्टलंडच्या वाट्याचा पहिला खेळाडू निवडायचा हक्क.

आता डार्नेल म्हणजे कोण? ईस्ट साइडला जेफरसन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत जन्मलेला. चर्चच्या पार्किंगमध्ये बर्फ बाजूला सारून खेळायला शिकलेला. ड्राफ्टमध्ये मी त्याचं नाव पुकारलं तेव्हा बाकीचे मॅनेजर गालातल्या गालात हसले होते. नंतर दात विचकायचे थांबले. आमचा संघ रडतखडत खेळायचा तेव्हाही तो राहिला. दुसरे खेळाडू एप्रिल संपला की फ्लोरिडाला पळतात. हा उन्हाळाभर इथेच, नाक्यावरच्या न्हाव्याकडे खुर्ची अडवून बसलेला. बर्फाचं मोठं वादळ आलं तेव्हा शेजाऱ्यांच्या गाड्या फावड्याने उकरून काढत होता, आणि आम्ही त्याच्या कंबरेच्या काळजीने अर्धमेले झालो होतो.

असा माणूस मी देऊन टाकला. का, ते आता सांगते, कारण तो आता खेळत नाही आणि त्यानेच मला सांगा म्हटलंय. त्याचा डावा गुडघा गेला होता. पुरता नाही, पण वाटेला लागला होता. आमच्या डॉक्टरांनी मला एमआरआयचं चित्र लावून दाखवलं. पोर्टलंडच्या डॉक्टरांनीही ते पाहिलं, फसवाफसवी काही नव्हती. त्यांना या एका हंगामापुरता अनुभवी माणूस हवा होता. आमच्याकडे त्याचा करार उन्हाळ्यात संपत होता. मी त्याला धरून बसले असते तर त्याच्याबरोबर संघही लंगडला असता, आणि उन्हाळ्यात हातात धुपाटणं राहिलं असतं. प्रेम आपल्या जागी. संघ प्रेमावर बांधला तर पुढच्या दहा वर्षांचं वाटोळं होतं, आणि तेव्हा हेच प्रेमळ लोक तुम्हाला विचारतात, बाई, तेव्हा झोपला होतात काय?

आमच्या धंद्यात रीत अशी की खेळाडूच्या एजंटला फोन जातो, आणि बहुतेक वेळा एजंटच्या आधी टीव्हीच सांगून मोकळा होतो. मला ती रीत कधीच पटली नाही. पोर्टलंडशी आणि लीगच्या कचेरीशी फोनवर सगळं वाचून पक्कं झालं, आणि मी तशीच खाली सरावाच्या हॉलमागे गेले. डार्नेल बर्फाच्या टबात कंबरेपर्यंत बसला होता, डोक्यावर लोकरीची टोपी.

माझा चेहरा बघून त्याने कानातली गाणी काढली. "कुठे?" म्हणाला.

"पोर्टलंड."

त्याने बर्फ हाताने ढवळला. मग म्हणाला, "मी काही कमी पडलो का, मिस पी?"

"नाही."

"मी मागितलं होतं का?"

"नाही. मी ठरवलं. गुडघ्यामुळे ठरवलं, आणि ते मी कोणाला सांगणार नाही. उन्हाळ्यात तुला नवा करार करायचाय."

"कोणाला नाही?"

"माझ्या बापालासुद्धा नाही."

तो जरासा हसला. "मग एवढं करा. जे झालं ते जसंच्या तसं सांगा, की तुम्ही पाठवलंत. या गावातून अर्धी माणसं निघून गेली, मिस पी. पोलादाचा कारखाना गेला, त्याच्यामागून माझे दोन मामा गेले, माझ्या वर्गातली निम्मी पोरं कॅरोलायनात आहेत. मी राहिलो ना? लोक मला म्हातारा म्हणू देत, संपला म्हणू देत. सोडून गेला म्हणायला नको."

"शब्द देते," मी म्हटलं. तो टबातून बाहेर आला आणि ओल्या अंगानेच त्याने मला मिठी मारली. माझा कोट भिजला. तो टॉवेल गुंडाळून आईला फोन करायला गेला.

मी वर माझ्या खोलीत येईपर्यंत सॅल सिपियोनीने निकाल देऊन टाकला होता.

सॅल हा आमच्या गावचा रेडिओवाला. अदलाबदल झाली की कॉफी निवायच्या आत तो शाळामास्तरासारखा गुण देतो. ही पद्धत आता देशभर आहे. पोरगा अजून विमानात बसलेला नसतो आणि याचा निकाल तयार. उंटावरून शेळ्या हाकायला जातंय काय! त्या दिवशी त्याने जीव तोडून सांगितलं, "पावलाक नापास! नुसती नापास नाही, शाळेतून नाव काढा!" मग फोन सुरू झाले. एकाने मला मूर्ख म्हटलं, एकाने आंधळी. मग आला ब्लॅक रॉकचा चेट.

"सॅल," चेट म्हणाला, "या बाईला लहानपणापासून अक्कल नाही. एका फाटक्या पतंगासाठी चांगली सायकल देऊन आली होती."

ब्लॅक रॉकमध्ये चेट नावाचं कोणी राहत नाही. तो आवाज स्टॅन पावलाक यांचा होता, म्हणजे माझ्या तीर्थरूपांचा. मी मॅनेजर झाल्यापासून ते नाव बदलून फोन करतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. त्यांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ वाजतं, ते मीच दिलेलं आहे.

मी मनात म्हटलं, म्हणा काय म्हणायचं ते. घोडामैदान काही पळून जात नाही. अदलाबदलीचा निकाल पाच वर्षांनी लागतो, तोवर ओरडा. रात्री पोटभर जेवले आणि झोपले.

दोन दिवसांनी सॅल वेगळंच बोलू लागला.

"आतल्या गोटातून पक्की खबर," तो म्हणाला. "डार्नेलनेच जायची मागणी केली होती. बफेलोला कंटाळला होता. पावलाकचा नाइलाज झाला."

मी हातातला चमचा खाली ठेवला. आतला गोट म्हणजे कोण, हे मला सांगायला ज्योतिषी नको होता. मार्चमध्ये पुढच्या हंगामाची तिकिटं विकायची असतात. संतापलेलं गिऱ्हाईक तिकीट घेत नाही. गिऱ्हाइकाला वाटलं की संघाने लाडका खेळाडू हाकलला, तर ते संघावर चिडतं. लाडका खेळाडूच बेइमान निघाला असं वाटलं, तर ते त्याच्यावर चिडतं आणि संघाच्या गळ्यात पडून रडतं. आमचे मालक वॉरन केलिहर पार्किंगच्या जागांवर श्रीमंत झालेले. कोणाला कुठे उभं करायचं हे त्यांना बरोबर कळतं.

आणि गाव फिरलं हो. एका आठवड्यात फिरलं! स्टेडियमबाहेर लोखंडी पिंपात डार्नेलच्या जर्सी जाळल्या. नाक्यावरच्या न्हाव्याने त्याचा फोटो उतरवला आणि तिथे माशाचा फोटो लावला. पोर्टलंडची पहिली मॅच त्याने काय सुंदर खेळली, ती बघायलासुद्धा कोणी टीव्ही लावला नाही. कोणी एवढं विचारलं नाही की हा माणूस इतकी वर्षं टिकला, तो आताच कसा कंटाळला? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याची आई माझ्या कचेरीत आली. मिस अर्लीन पेटवे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, सगळी आळी जेवायला येते, आणि कोबीची कोशिंबीर वाढायचं काम वर्षानुवर्षं यांच्याकडे. एप्रन अंगावरच होता. तळणाचा वास खोलीभर पसरला.

"बसा, मिस अर्लीन."

"बसत नाही. आणि आज तुझ्याशी भांडायला आलेली नाही, रेजिना. माझ्या पोराला तू तीन हजार मैलांवर पाठवलंस, त्याचं भांडण मी नंतर सावकाश करणार आहे. आधी एक सांग. माझ्या डार्नेलने बदली मागितली?"

"नाही."

"आज ताट पुढे करून चर्चच्या डीकनची बायको मला म्हणते, पोरगा तर उडाला, आता तुझं बोचकं कधी बांधतेस? माझ्या हातात डाव होता. देवाने आवरलं मला." त्यांनी एप्रनची गाठ आवळली. "मी पोराला विचारलं, तू बोलत का नाहीस? तर म्हणतो, मी बोललो तर सारवासारव वाटेल, मिस पी सांगतील. रोज रेडिओ लावते मी. तू कुठे सांगते आहेस?"

खरंच कुठे सांगत होते? वर्तमानपत्रवाल्यांना माझ्यापर्यंत येऊच देत नव्हते. मॅनेजरने काय बोलायचं ते मालकाचं प्रचारखातं ठरवतं, करारातच तसं आहे. पण हे त्या बाईला सांगायची मला लाज वाटली.

"महिनाअखेरीला पोर्टलंडची टीम इथे येणार आहे," त्या म्हणाल्या. "माझं पोर स्वतःच्या गावात येणार आणि गाव त्याच्यावर थुंकणार. मी खालच्या रांगेत बसून ते बघू?"

"नाही बघणार तुम्ही," मी म्हटलं.

"तोंडाने नको सांगू. करून दाखव," असं म्हणून त्या निघून गेल्या.

मी तशीच वर केलिहरसाहेबांकडे गेले. ते भाजीपाला चावत होते. डॉक्टरांनी मांस बंद केलं तेव्हापासून त्यांचा स्वभाव आणखी बिघडला होता.

"वॉरन, डार्नेलबद्दलची ती खबर मागे घ्या."

"कुठली खबर?"

"माझ्यासमोर नाटक नको."

त्यांनी शांतपणे तोंड पुसलं. "रेजिना, लोकांना राग काढायला कोणीतरी लागतं. तो लांब आहे, त्याला काय फरक पडतो? तू इथे आहेस. मी तुला वाचवतोय, वेडे."

"मला वाचवा म्हणून कोणी तुमच्याकडे पदर पसरला होता?"

"बरं, मग दुसरा रस्ता. गुडघ्याचं बाहेर येऊ दे. सॅलच्या कानात एक वाक्य घातलं की काम झालं. उद्या सगळा गाव म्हणेल, पावलाक काय हुशार बाई! नापासाची पहिल्या नंबराने पास होशील."

खोटं कशाला बोलू, क्षणभर जीव लालचावला. रोज सकाळी शिव्या खाऊन माझंही पोट भरलं होतं. आणि ते खरंही होतं! माझा निर्णय बरोबर होता आणि त्याचा पुरावा माझ्या कपाटात होता. पण तो पुरावा बाहेर काढला की उन्हाळ्यात डार्नेलला कोणी दारात उभं केलं नसतं. त्याच्या उरलेल्या खेळाच्या बदल्यात माझी हुशारी सिद्ध करायची? असली अदलाबदल मी करत नाही.

"दोन्ही नाही," मी म्हटलं.

"मग लोकांना द्यायचं काय?"

"मला द्या."

ते हसले. "बुधवारी तिकीटवाल्यांची सभा आहे. प्रचारखात्याचा टॉड तुला वाक्य लिहून देईल, तेवढंच वाचायचं. एक शब्द इकडेतिकडे झाला तर गुरुवारी तुझी खोली रिकामी. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं. समजलं म्हणजे मी ऐकणार, असा अर्थ त्यांनी काढला.

तिकीटवाल्यांची सभा ही आमच्याकडची वार्षिक पूजाच. हंगामाची तिकिटं घेणारे लोक स्टेडियममध्ये जमतात, फुकटचे हॉट डॉग खातात, आणि मग मॅनेजरला मंचावर बसवून एकेक जण माइकवर येऊन त्याची हजेरी घेतो. केलिहरसाहेब माझ्या डाव्या हाताला बसले होते, सूत्रसंचालक म्हणून सॅल उजव्या. प्रचारखात्याच्या टॉडने माझ्यापुढे ठेवलेल्या कागदावर एकच वाक्य होतं: परस्परांच्या संमतीने आणि परस्परांच्या आदराने. हे वाक्य या धंद्यात इतक्यांदा वापरलं गेलंय की त्याला आता कसलाच वास येत नाही.

पहिल्या दोघांनी मामादूबद्दल विचारलं. त्याला चेंडू झेलता येतो का? मी म्हटलं, अजून नाही. लोक हसले. ते हसणं बरं नव्हतं.

मग माइकसमोर कोण यावं? डोक्यावर मिलर्सची जुनी टोपी, हातात अर्धा हॉट डॉग, स्टॅन पावलाक.

"नाव सांगा, काका," सॅल म्हणाला.

"चेट. ब्लॅक रॉक."

"बाबा, खाली बसा," मी माइकमध्येच बोलून गेले. सभा खदखदून हसली.

"इथे बाबाबिबा कोणी नाही," ते कडाडले. "इथे मी तिकीटवाला आहे. पंधराव्या रांगेत बसतो, तुझ्या पगारात माझेही पैसे आहेत. मला सरळ उत्तर हवंय. रेडिओवाला म्हणतो पोरगा आपणहून गेला. मी त्या पोराला लहान असल्यापासून बघतोय. मला ते पटत नाही. आणि तू मूर्ख आहेस हेही मला माहीत आहे. तेव्हा सांग. तो गेला, की तू घालवलंस?"

टॉडने कागद बोटाने माझ्याकडे सरकवला. केलिहरसाहेब समोर बघत होते.

मी उभी राहिले. "मी घालवलं," मी म्हटलं. "डार्नेल पेटवेने काहीही मागितलेलं नाही. त्याला इथेच खेळायचं होतं, इथेच संपायचं होतं. त्याला कोणी विचारलं नाही. मी ठरवलं आणि मी पाठवलं."

जो गलका उठला म्हणून सांगू! कोणीतरी पाव फेकला, तो टॉडला लागला.

"का?" एक बाई बाकावर चढून ओरडली. "कारण सांग!"

"संघासाठी ते बरोबर होतं म्हणून."

"कसं बरोबर? कारण काय?"

"कारण सांगणार नाही."

"मग आम्ही काय समजायचं?"

"मला अक्कल नाही असं समजा! नापास करा, शिव्या घाला, माझा फोटो पिंपात जाळा. जर्सी माझ्याकडे नाही, हवा तर कोट देते. पण जे करायचं ते मला करा. ज्याने या गावाला कधी पाठ दाखवली नाही, त्याची जर्सी जाळताना तुम्हाला लाज कशी वाटली नाही? त्याच्या आईला जेवणाच्या रांगेत टोमणे मारता? अरे, असाल तुम्ही तिकीटवाले, पण माणसं आहात की नाही?" माझा आवाज फाटला होता. फाटू दे. "आणि हेही ऐकून ठेवा. उद्या तोच दिवस पुन्हा आला, तर मी पुन्हा हेच करीन. मला पश्चात्ताप नाही. माफी मागायला मी उभी नाही."

"थांब, थांब," सॅल घाम पुसत म्हणाला, "पण आतल्या गोटातून मला पक्कं..."

"सॅल, तुझा आतला गोट माझ्या डाव्या हाताला बसलाय. त्यालाच विचार की."

केलिहरसाहेबांचा चेहरा बिटासारखा झाला. माझे वडील अजून माइकपाशीच होते. त्यांनी हॉट डॉगचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि कोणाकडेही न बघता जागेवर जाऊन बसले.

गुरुवारी दुपारच्या जेवणाआधी माझी खोली रिकामी झाली. वडील त्यांची खटारा गाडी घेऊन मला न्यायला आले. मी खोकी मागे टाकून बसले. लाल दिव्यापाशी ते म्हणाले, "मूर्खपणा केलास."

"कोणता? अदलाबदल की काल बोलले तो?"

"अदलाबदल," ते म्हणाले. दिवा हिरवा झाला. "काल ठीक होतीस."

त्यांनी आयुष्यात मला दिलेले एवढेच गुण. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले, नाहीतर त्यांना दिसलं असतं.

वाटलं होतं सगळं मिटेल. कुठलं मिटतंय! रेडिओवर दोन तट पडले. एक म्हणे, बाई खरं बोलली. दुसरा म्हणे, बाई पोराला पाठीशी घालतेय, नाहीतर नोकरी कोणाला प्यारी नसते, आत काहीतरी शिजतंय. सॅलने आपली चूक मान्य केली नाही, नुसता घसा खाकरला. आणि केलिहरसाहेबांनी सूड उगवला. जुना खेळाडू पहिल्यांदा परतला की मोठ्या पडद्यावर त्याचे जुने खेळ दाखवायचे, गावाने टाळ्या वाजवायच्या, ही सगळीकडची रीत. डार्नेलसाठी तो व्हिडिओ दाखवायचा नाही असा हुकूम निघाला. का, तर वातावरण तापलेलं आहे. आग तुम्हीच लावायची आणि वर धुराची तक्रार!

त्या मॅचला मी माझ्या पैशाने वरच्या मजल्यावरची दोन तिकिटं काढली. वडिलांनी पंधराव्या रांगेतली आपली जागा सोडली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. इथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात, म्हणून पूर्ण वेळ कुरकुरत होते. खाली, खेळाडूंच्या बाकामागे, मिस अर्लीन दिसत होत्या. निळी टोपी घालून, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसल्या होत्या. गावाने त्या पोराला हिणवलं, तर मी दिलेल्या शब्दाला काय किंमत राहिली? मग नोकरी गेली ती फुकटच गेली.

पाहुण्या संघाची नावं कोरड्या आवाजात वाचतात. एक झालं, दुसरं झालं. मग, "फॉरवर्ड, डार्नेल पेटवे."

काही नाही. एकदम शांतता.

मग खालून कुठूनतरी एकच टाळी सुरू झाली. मग चार. मग माझ्यापुढचा एक आडदांड माणूस कोकचा ग्लास पायाशी ठेवून उभा राहिला, त्याच्या शेजारची पोरगी उभी राहिली, आणि बघता बघता वरपासून खालपर्यंत सगळं स्टेडियम उभं. पडदा काळाच होता. कोणाला त्याची गरज पडली नाही. "डार्-नेल! डार्-नेल!" पायाखालचं सिमेंट हलत होतं. पंच चेंडू काखेत मारून उभा राहिला. डार्नेल मधल्या वर्तुळात उभा होता, आधी मान खाली घालून, मग हाताने चेहरा झाकून. मिस अर्लीननी पर्स खुर्चीवर टाकली आणि दोन्ही हात वर केले. मला रडू कोसळलं. कोसळलं तर कोसळलं, मला काय कोणाची भीती आहे?

माझ्या मागच्या रांगेतल्या एकाने मला तेवढ्यात ओळखलं.

"अरे, ती बघा पावलाक! इथे बसलीय!"

झालं. आधी आमची रांग, मग सगळा वरचा मजला. "हूऽऽऽ!" कॅमेरावाला हुशार, त्याने क्षणात मला मोठ्या पडद्यावर आणलं, नाकातोंडाला पाणी सुटलेलं माझं थोबाड दोन मजले उंच. मग काय विचारता, खालचेही वळले. ज्या हातांनी त्याला टाळ्या दिल्या, तेच हात तोंडाशी नेऊन सगळं गाव माझी हुर्यो उडवू लागलं. शेजारी वळून बघते तर माझे वडील, टोपी काढून, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्यात मोठ्याने.

"बाबा!"

"मॅनेजर नापास आहे, तर आहे!" ते ओरडले आणि पुन्हा सुरू झाले.

खाली डार्नेलने पडदा पाहिला. मग तो वळला आणि इतक्या लांबून त्याने मला बरोबर हुडकलं. मग त्याने दोन्ही पंजे तोंडाभोवती धरले, मान मागे टाकली आणि सगळ्या गावाच्या आवाजात आपला आवाज मिसळून माझ्याकडे बघत ओरडला, "हूऽऽऽ!" आणि हसला, सगळे दात दाखवून.

मी डोळे पुसले आणि उभी राहिले, म्हणजे मागच्यांनाही नीट दिसेल.